विसर्जनाच्या आत उत्तर हवंय

मृणाल (बी-४०२): नमस्कार. कालच्या आरतीत जे झालं ते काही जणांनी पाहिलंय. शनिवारी विसर्जन आहे, त्याआधी मला यावर उत्तर हवंय.

देशपांडे काका (ए-२०३): काय झालं? मी गुडघ्यामुळे मंत्रपुष्पांजलीच्या आधीच वर गेलो.

मृणाल: काका, आरतीचं तबक फिरत होतं. सई गर्दीतून पुढे घुसली. राजाभाऊ निरांजनावर हात फिरवायला वाकले, कुर्ता वर गेला आणि तिच्या नाकासमोर रिव्हॉल्व्हरची मूठ. तपकिरी चामड्याचं होल्स्टर, वरचं बटण उघडं. तिने हात लावला. मी दंडाला धरून मागे ओढलं तिला. घरी आल्यावर विचारते, "आई, काकांची खरी आहे की दिवाळीची?" सहा वर्षांची आहे ती. रात्रभर झोप नाही मला.

संदीप (बी-३०१): चला, कोणीतरी बोललं. गेल्या वर्षी एजीएमला टेबलावर ठेवली होती तेव्हा सगळे वेफर्स खात गप्प बसले होते.

राजाभाऊ (बी-७०१): संदीप, पार्किंगचा राग इथे काढू नकोस. मृणालताई, लेकरू घाबरलं असेल तर मनापासून माफी. पण माझ्याकडे रीतसर परवाना आहे, संपूर्ण महाराष्ट्राचा. २०१९ ला मजुरांचा पगार घेऊन जाताना माझ्या गाडीवर रॉड पडले होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हौस म्हणून नाही बाळगत मी.

नीलेश खजिनदार: वर्गणी अजून १४ फ्लॅटची बाकी आहे. जीपे नंबर पिन केलाय.

मृणाल: नीलेश, दोन मिनिटं थांब रे.

ॲड. शुभदा (ए-१०५): राजाभाऊ, तुमच्यावर हल्ला झाला होता आणि परवाना खरा आहे, यावर कोणाचाच आक्षेप नाही. पण परवान्यासोबत अटी येतात, त्या एकदा उघडून बघा. खास परवानगी असल्याशिवाय जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात आणि शैक्षणिक संस्थेच्या आवारात शस्त्र न्यायचं नाही. ही अट १९६२ च्या नियमांत होती, २०१६ च्या शस्त्र नियमांतही आहे. शिवाय सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर नेताना ते होल्स्टरमध्ये किंवा बॅगेत, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असलं पाहिजे. सहा वर्षांच्या मुलीचा हात पोचला म्हणजे ना झाकलेलं, ना ताब्यात.

देशपांडे काका: अट वाचा. धार्मिक मिरवणूक स्पष्ट लिहिलंय.

राजाभाऊ: शुभदाताई, सोसायटी खाजगी जागा आहे. कंपाउंडच्या आत सार्वजनिक ठिकाण कुठून आलं?

ॲड. शुभदा: त्यावर वाद घालता येईल. पण आपलं गेट दहा दिवस उघडं असतं, शेजारच्या चाळीतली माणसं दर्शनाला येतात, मांडवात शंभरावर लोक असतात. तुमच्या बाजूने ही केस मी तरी घेणार नाही. आणि क्लबहाउसमध्ये सकाळी बालवाडी भरते, तिथूनच तुम्ही जिमला जाता. शनिवारी तर आपण रस्त्यावर, ढोल-ताशात. तिथे वादाला जागाच नाही.

संदीप: बाप्पाला २१ तोफांची सलामी द्यायची असेल 😂

कानिटकर आजी (ए-००२): संदीप, चेष्टा नको. सणाचे दिवस आहेत. सर्वांना शुभ सकाळ 🌺

निखिल (ए-६०४, न्यू जर्सी): इथे रात्रीचे अकरा वाजलेत, पण राहवलं नाही. इकडे अमेरिकेत २०२२ ला सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कच्या खटल्यात घराबाहेर हॅंडगन बाळगणं हा हक्क ठरवला. त्याच निकालात शाळा, कोर्ट, विधिमंडळ, मतदान केंद्रं अशा ठिकाणी बंदी घालता येते हेही मान्य केलंय. फक्त गर्दीचं आहे म्हणून अख्खं मॅनहॅटन बंद करता येणार नाही, असं म्हटलं. म्हणजे जिथे हा हक्क आहे तिथेही शाळेत नेता येत नाही. आपल्याकडे तर तो हक्क नाहीच, सरकारने दिलेली परवानगी आहे.

राजाभाऊ: निखिल, तुझ्या भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन अजून झालेलं नाही. आधी ते बघ.

निखिल: फॉर्म दिलाय भाऊ. सेक्रेटरींकडे आहे.

सावंत सेक्रेटरी: माझ्याकडे नाही. असो. सर्वांना नम्र विनंती, ग्रुप फक्त सूचनांसाठी आहे. वैयक्तिक विषय कार्यालयात मांडावेत.

मृणाल: सावंत काका, हा वैयक्तिक विषय कसा? पाण्याच्या टँकरवर दोनशे मेसेज झाले तेव्हा नव्हता का ग्रुप सूचनांसाठी?

देशपांडे काका: अट वाचा. शैक्षणिक संस्थेचं आवार.

राजाभाऊ: कायदा मलाही कळतो. २०२४ च्या विधानसभेला मी कोणी न सांगताच पोलीस ठाण्यात जमा केली होती, पावती याच ग्रुपवर टाकली होती. खरं तर मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्याच्या प्रकरणात सांगितलंय की निवडणूक आली म्हणून सरसकट सगळ्यांकडून शस्त्रं घेता येत नाहीत, प्रत्येकाचं प्रकरण तपासावं लागतं. तरी दिली. मला गुंड ठरवू नका.

ॲड. शुभदा: कोणी ठरवत नाहीये. उलट तुम्ही नियम पाळणारे आहात म्हणूनच इथे बोलतोय, थेट अर्ज नाही केला. परवान्याची अट मोडली तर शस्त्र कायद्याच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड किरकोळ आहे, पण परवाना रद्द होऊ शकतो. मग रोकड नेताना काय कराल?

राजाभाऊ: माझी लॉक असते. आपोआप काही होत नाही.

संदीप: अभिनेता गोविंदालाही तसंच वाटलं असेल.

राजाभाऊ: तू गप्प बस.

मृणाल: संदीपचं सोडा, पण ते खरंच आहे ना? १ ऑक्टोबर २०२४ ला स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून पायात गोळी गेली. सेलिब्रिटी होते म्हणून बातमी झाली. आणि माझे मिस्टर शिपवर होते, त्यांच्याकडून ऐकलंय, बहुतेक रिव्हॉल्व्हरना पिस्तुलासारखा सेफ्टी खटका नसतोच. शनिवारी लेझीमचा धक्का लागेल, कोणी पाया पडायला वाकेल, पोरं खांद्यावर असतील. तुम्ही पुढे ढोल घेऊन नाचणार. त्या बटणाचं काय?

नीलेश खजिनदार: ढोल पथकाचे उरलेले ५,००० उद्या द्यायचे आहेत. १३ फ्लॅट बाकी.

देशपांडे काका: अट वाचा.

कानिटकर आजी: देशपांडे, वाचली हो सगळ्यांनी.

राजाभाऊ: बरं. मिरवणुकीपुरती गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवतो, नाहीतर वॉचमनच्या केबिनमध्ये. झालं समाधान?

ॲड. शुभदा: अजिबात नको! वॉचमनच्या नावावर परवाना नाही. त्याच्याकडे दिलीत तर तो विनापरवाना शस्त्र बाळगल्याच्या गुन्ह्यात अडकेल आणि तुम्हीही. गाडीची काच फोडायला एक मिनिट लागतं. गोळ्या काढून घरच्या तिजोरीत कुलपात ठेवा. घरी ठेवायची नसेल तर पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करता येते, पावती मिळते.

संदीप: पुतण्याच्या नावावर तरी परवाना आहे का? दसऱ्याला शस्त्रपूजेचं ताट लॉबीत मांडलं होतं, त्याने रिव्हॉल्व्हर उचलून रील केली. अजून आहे इन्स्टावर.

मृणाल: काय? लॉबीत? सई त्या दिवशी तिथे सोनं वाटत फिरत होती.

राजाभाऊ: मी समोर उभा होतो. गोळ्या काढलेल्या होत्या.

ॲड. शुभदा: राजाभाऊ, गोळ्या नसल्या तरी ते शस्त्रच. ते काही खेळणं नाही, की कोणीही हातात घेऊन मिरवावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर आनंदाच्या भरात किंवा निष्काळजीपणे गोळी झाडून कोणाचा जीव धोक्यात आणला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. कोणी ती रील पोलिसांना टॅग केली तर आधी तुम्हाला बोलावतील, त्याला नाही.

सावंत सेक्रेटरी: कमिटीतर्फे सूचना: सोसायटीच्या कोणत्याही कार्यक्रमात, क्लबहाउसमध्ये व मिरवणुकीत कोणीही परवान्याचे शस्त्र आणू नये. नोटीस बोर्डावर लावत आहे. धन्यवाद.

देशपांडे काका: हेच मी सकाळपासून म्हणतोय.

राजाभाऊ: नोटीस लावायची गरज नव्हती, सावंत. माणूस तोंडी ऐकतो. दहा वर्षं मांडवाचे बांबू मीच आणतोय.

मृणाल: राजाभाऊ, बांबू कोणी विसरलेलं नाही. लॉकडाउनमध्ये सईचं दूध तुम्ही आणून दिलंत तेही नाही. म्हणूनच कमिटीकडे न जाता इथे लिहिलं. मला फक्त हो म्हणा.

राजाभाऊ: हो. गोळ्या वेगळ्या, रिव्हॉल्व्हर वेगळं, तिजोरीत. किल्ली माझ्याकडे. आजच्या आरतीलाही रिकाम्या कमरेने येतो.

मृणाल: आभार. आणि ती रील?

राजाभाऊ: सांगतो त्याला.

मृणाल: सांगतो नको. आत्ता काढायला लावा, प्लीज.

नीलेश खजिनदार: १२ फ्लॅट.

राजाभाऊ: काढली. बघून घ्या. आणि बी-७०१ चे पाठवलेत, नीलेश. ११ लिही.