आटलेली पाणथळ मेलेली नसते

वर एका प्रतिसादात म्हटलंय की उन्हाळ्यात आटणारी पाणथळ म्हणजे पडीक जमीन. जिथे बारमाही पाणी आहे तेवढंच जपावं. मला हे अजिबात पटत नाही.

पाणी किती आहे याइतकंच ते कधी येतं, किती दिवस टिकतं आणि कधी ओसरतं यावर तिथलं जीवन ठरतं. फेअरी श्रिंप या बारक्या कवचधारी जिवाची अंडी सुक्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. पाणी साचलं की पिल्लं बाहेर पडतात आणि काही आठवड्यांत सगळं आयुष्य उरकतात. बारमाही तळ्यात मासे त्यांचा फडशा पाडतील. म्हणजे तळं आटतं म्हणूनच ते जगतात! कित्येक बेडकांचंही तेच.

पाणथळ पडीक नसते हे तिथल्या चिखलातही दिसतं. कधी तो उकरून बघा. वर पातळ तपकिरी थर, खाली काळपट गाळ आणि कुजक्या अंड्यांसारखा वास. पाण्यात ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू पसरतो, त्यामुळे खाली तो जवळपास नसतोच. मग वनस्पती हवा स्वतःच खाली मुळांपर्यंत नेतात. कमळाचा देठ आडवा कापला की त्या नळ्या दिसतात. काळ्या गाळातल्या बोरूच्या मुळांवर गंजासारखा तांबूस लेप असतो, तो मुळांतून झिरपलेल्या ऑक्सिजनमुळे.

आणि पाणथळ जागा जपण्यासाठीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराने केलेल्या पाणथळीच्या व्याख्येतच कायमस्वरूपी पाण्याबरोबर तात्पुरतं पाणीही स्पष्टपणे धरलेलं आहे.