मदत हवी आहे: हायब्रिडचे जादा पैसे खरंच वसूल होतात का? दर आणि धोरण दोन्ही बदलती धरून

जुनी पेट्रोल गाडी बदलायची आहे. इंधनाचे दर चढत चाललेत म्हणून घरच्यांचा कौल हायब्रिडकडे, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही असलेल्या गाडीकडे आहे, पण त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल मॉडेलपेक्षा हायब्रिड बरीच महाग पडते. शोरूममध्ये विचारलं की "दर वाढतच जाणार, म्हणजे तुमचा फायदाच" एवढंच ऐकायला मिळतं. एवढ्या भरवशावर इतकी रक्कम घालायची माझी तयारी नाही. हायब्रिड वापरणाऱ्यांनी आणि अर्थकारण समजणाऱ्यांनी कृपया मदत करा.

हिशोब मी पैशांऐवजी लिटरमध्ये मांडला आहे, कारण दर हलला की पैशांतला हिशोब पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. समजा, दोन मॉडेलांच्या किमतीतला फरक आजच्या दराने २,००० लिटर पेट्रोलाएवढा आहे. साधी गाडी लिटरला १५ किलोमीटर देते, हायब्रिड २३. वर्षाचं रनिंग १२,००० किलोमीटर धरलं तर साधीला ८०० लिटर लागतात, हायब्रिडला साधारण ५२२. वर्षाला वाचले २७८ लिटर, म्हणजे फरक फिटायला सात वर्षांहून जास्त. पेट्रोल २० टक्क्यांनी महागलं तर तोच फरक १,६६७ लिटरांवर येतो आणि फिटायला सहा वर्षं लागतात.

मला याचंच नवल वाटलं. एवढी मोठी दरवाढ धरूनही जेमतेम सव्वा वर्ष कमी होतं. उलट रनिंग दुप्पट धरलं तर काळ सरळ निम्मा होतो. आणि रनिंग मुख्यतः हायवेचं असेल तर? तिथे साधी १७ आणि हायब्रिड २० देते असं धरलं, तर वर्षाला फक्त १०६ लिटर वाचतात. पैसे सुटायला जवळजवळ १९ वर्षं! तेवढी वर्षं गाडी कोण ठेवतं? जाता जाता आणखी एक लक्षात आलं. अॅव्हरेज १० वरून १५ झालं तर १०० किलोमीटरमागे ३.३ लिटर वाचतात, पण २० वरून ३० झालं तर १.७ लिटरच. जाहिरातीत दुसरी उडी मोठी दिसते, खिशाला पहिली जास्त कामाची.

आता खरा प्रश्न धोरणाचा. माझ्या हिशोबात सरकारचा हात तीन ठिकाणी येतो. पहिलं म्हणजे इंधनावरचा कर. कच्चं तेल दुप्पट झालं की पंपावरचा दरही दुप्पट होईल असं आपण सहज धरतो. पण दरातला निम्मा भाग लिटरमागे ठरलेला कर असेल, तर उरलेला अर्धा दुप्पट होऊनही पंपावर दीडपटच दर दिसेल. उलट दिशेलाही तसंच. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत कच्च्या तेलाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांचे भाव, एका दिवशी चक्क शून्याच्या खाली गेले होते, म्हणून पेट्रोल काही कुणाला फुकट मिळालं नाही.

दुसरं, गाडीवरचा कर आणि सवलती. अमेरिकेने २००५ च्या ऊर्जा कायद्यात हायब्रिड घेणाऱ्यांना करसवलत दिली, पण कंपनीच्या ६०,००० गाड्या विकल्या गेल्या की ती टप्प्याटप्प्याने संपणार होती. टोयोटाचा आकडा लवकर भरला आणि १ ऑक्टोबर २००७ पासून प्रियस घेणाऱ्याला काहीच उरलं नाही. लंडनमध्ये शहराच्या मध्यभागात गाडी आणायच्या गर्दी-शुल्कातून हायब्रिडना मिळणारी सूटही पुढे निकष कडक करून काढून घेतली गेली. तिसरं, रस्त्याचा खर्च. पेट्रोल कमी खपलं की रस्त्यांसाठीचा करही कमी जमा होतो, मग सरकार किलोमीटरमागे पैसे घ्यायला लागतं. न्यूझीलंडने १ एप्रिल २०२४ पासून इलेक्ट्रिक आणि प्लग-इन (बाहेरून चार्ज करता येणाऱ्या) हायब्रिड गाड्यांना हे शुल्क लावलं. साध्या हायब्रिडला ते नाही, ती पेट्रोलवरच कर भरते. पण उद्या?

तर या अनिश्चिततेला हिशोबात किती वजन द्यायचं? आणि वॉरंटी संपल्यावर बॅटरीचं काय होतं? कुणाचा अनुभव असेल तर तो मला सगळ्यात मोलाचा आहे.

प्रतिसाद १

तुम्ही रनिंगवर बोट ठेवलंत ते अगदी बरोबर. हायब्रिड पेट्रोल वाचवते ती थांबत-थांबत चालण्यात. ट्रायल घेताना स्क्रीनवरचे बाण बघा. ब्रेकवर हलका पाय ठेवला की बाण उलटा फिरून बॅटरीकडे जातो, सिग्नलला इंजिन बंद होतं आणि गाडी हलते तेव्हाही बराच वेळ ते बंदच राहतं. साध्या गाडीत ही सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. हायवेला एका वेगात चालताना ब्रेकच लागत नाही, मग परत मिळवायचं तरी काय? तिथे जी थोडी बचत होते ती मुख्यतः इंजिनाच्या वेगळ्या रचनेमुळे. एक जरूर तपासा: गाडी माइल्ड हायब्रिड तर नाही ना? ती नुसत्या बॅटरीवर चालत नाही, इंजिनाला थोडा हातभार लावते. नाव तेच, बचत फार कमी. असल्या गाडीसाठी तुमचा २३ चा आकडा विसरा.

बॅटरीबद्दल. बऱ्याच कंपन्या तिला आठ वर्षांची वॉरंटी देतात. बऱ्याच मॉडेलांत तिला गार ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. त्या जाळीवर पिशव्या किंवा पांघरूण पडलं, किंवा आतल्या पंख्यावर धूळ आणि केस साचले, की बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य घटतं. सेकंड हँड हायब्रिड बघायला गेलात तर डिकी उघडण्याआधी ती जाळी बघा. दुसऱ्या बाजूला ब्रेक पॅड साध्या गाडीपेक्षा पुष्कळ जास्त टिकतात, ती बचत हिशोबात धरायला हरकत नाही.

प्लग-इन घ्यायचा विचार असेल तर रोज चार्ज करणार असाल तरच घ्या. युरोपीय आयोगाच्या २०२४ च्या अहवालात रस्त्यावरच्या प्लग-इन हायब्रिडचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं. मोठं कारण म्हणजे लोक अपेक्षेएवढं चार्जिंग करत नाहीत.

प्रतिसाद २

धोरणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. खरेदीच्या दिवशी बिलातून वजा होणारी सवलत पूर्ण धरा. पुढे दर वर्षी मिळणार असं सांगितलेली कोणतीही सूट शून्य धरा. मिळाली तर आनंदच आहे, पण तिच्यावर हप्ता बेतू नका. तुम्ही दिलेल्या उदाहरणांतही शेवटी तेच झालं.

इंधनावरचा कर सरकार कमी करेल ही आशाही हिशोबात नको. जर्मनीने २०२२ मध्ये जून ते ऑगस्ट असे तीन महिने इंधनावरचा कर उतरवला होता. मुदत संपली आणि कर परत आला. मला ती सवलत पटली नव्हती, कारण जो जास्त पेट्रोल जाळतो त्यालाच तिचा जास्त फायदा मिळतो. त्याच तीन महिन्यांत त्यांनी नऊ युरोत महिनाभर स्थानिक रेल्वे-बसचा प्रवास दिला, तो गाडी नसलेल्यालाही मिळाला. पैसा खर्च करायचाच तर तो असा व्हावा असं मला मनापासून वाटतं. इथे विषय तुमच्या गाडीचा आहे, म्हणून थांबतो.

तुमच्या हिशोबात एक भर घालाविशी वाटते. पाच वर्षांनी गाडी विकताना हायब्रिडलाही काही जास्त किंमत येईल. म्हणजे पूर्ण २,००० लिटर फिटायला हवेत असं नाही. त्यातले ६०० लिटर रीसेलमध्ये परत आले असं धरलं तर १,४०० उरतात, आणि तुमच्या रनिंगला ते पाच वर्षांत फिटतात. इंधन महागलेलं असेल तर रीसेलही चढीच मिळते, त्यामुळे दरवाढीविरुद्ध तेवढं संरक्षण आपोआप होतं. मात्र बॅटरीचा तपासणी अहवाल हातात नसेल तर घेणारा हीच किंमत पाडून मागतो, तेव्हा सर्व्हिसचे कागद पहिल्या दिवसापासून जपा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही खूप आभार. रीसेलचा मुद्दा माझ्या हिशोबात नव्हता आणि त्याने चित्र बरंच बदलतं. माझं रनिंग बहुतेक शहरातलं आहे, ऑफिसला जाताना-येताना गाडी रांगतच जाते, तेव्हा १५ आणि २३ हे आकडे माझ्यापुरते पटण्यासारखे आहेत. पण २३ हा कंपनीचा नको, माझ्या रस्त्यावरचा हवा. म्हणून आता हायब्रिड काही दिवस भाड्याने घेऊन, टाकी फुल ते टाकी फुल असं मोजून बघणार आहे. प्लग-इनचा विचार सोडला, पार्किंगमध्ये चार्जिंगची सोयच नाही. वर्षावर्षाच्या सवलती तुम्ही म्हणता तशा शून्य धरते.

ज्यांची गाडी वॉरंटीच्या बाहेर गेली आहे त्यांनी एवढंच सांगा: किती किलोमीटर झाले, बॅटरी पूर्ण बदलावी लागली की काही सेल बदलून भागलं, आणि तो खर्च त्या वेळच्या किती लिटर पेट्रोलाएवढा होता? लिटरमध्ये सांगितलंत तर गाडी कुठलीही असो, मला ताडून बघता येईल.