श्रीसूक्तातल्या 'हरिणीं'मध्ये खरंच ह्रीं लपलंय का?

शमीपत्र:
विषय घरातलाच आहे. आई तीस वर्षं रोज संध्याकाळी दिवा लावून श्रीसूक्त म्हणते. मागच्या महिन्यात ओळखीतल्या एकांनी तिला सांगितलं की 'हिरण्यवर्णां हरिणीं' मधल्या 'हरिणीं'त ह, र, ई आणि अनुस्वार आहे म्हणजे तिथे ह्रीं हे बीज, म्हणजे देवीचा एकाक्षरी मंत्र, गुप्त ठेवलंय, ते ओळखून बीजाचं संपुट लावल्याशिवाय, म्हणजे ऋचेच्या आधी आणि नंतर ते म्हटल्याशिवाय, सगळा पाठ रिकामा जातो, आणि त्याची दीक्षा ते देणार, दक्षिणा वेगळी. त्या दिवसापासून आईने श्रीसूक्त म्हणणंच सोडलंय. दिवा लावते आणि गप्प बसून राहते, मला बघवत नाही.

म्हणून मी स्पष्टच लिहिते. 'हरिणीं' हा शब्द नीट सोडवून बघा, ह् अ र् इ ण् ई आणि वर अनुस्वार. ह्रीं काढायला मधला अ टाकायचा, इ टाकायची, अख्खा ण् टाकायचा. आणि तो अनुस्वार द्वितीया विभक्तीचा आहे हो! पूर्ण ऋचेचा अर्थच मुळी 'हे जातवेदा, लक्ष्मीला माझ्याकडे घेऊन ये' असा आहे, लक्ष्मी तिथे कर्म आहे म्हणून तिची सगळी विशेषणं पण द्वितीयेत, हरिणीं, हिरण्मयीं, लक्ष्मीं. सोयीची अक्षरं ठेवून बाकीची टाकायची मुभा असेल तर 'हिरण्मयीं'तूनही ह्रीं निघतं, आणि मग कुठल्याही स्तोत्रातून कुठलंही बीज निघेल.

माझं म्हणणं एवढंच की बीज दडवलंय असं तेव्हाच म्हणा जेव्हा ते उघडायची किल्ली त्याच रचनेत दिलेली असेल.

गोदाकाठ:
ताई, आईंना जे सांगितलं ते चूकच, त्यात दुमत नाही. पण त्या रागात तुम्ही एक अख्खी परंपरा मोडीत काढताय असं वाटलं. मंत्रोद्धार, म्हणजे श्लोकातल्या संकेतांवरून मंत्राची अक्षरं काढणं, ही पद्धत खरी आहे, कोणाच्या डोक्यातून परवा निघालेली नाही. सप्तशतीच्या पोथीत देवी अथर्वशीर्ष असतं त्यातलाच श्लोक घ्या, 'वियदीकारसंयुक्तं वीतिहोत्रसमन्वितम् । अर्धेन्दुलसितं देव्या बीजं सर्वार्थसाधकम्'. वियत् म्हणजे आकाश, आकाशाचं अक्षर ह. वीतिहोत्र म्हणजे अग्नी, त्याचं र. ईकार तर नाव घेऊनच सांगितलाय, वर अर्धचंद्र. झालं ह्रीं. शब्दशः वाचणाऱ्याला यात आकाश आणि अग्नीच दिसणार, ज्याला संकेत माहीत त्याला बीज दिसणार. आता ही भाषा ज्यांच्या रोजच्या सवयीची होती त्यांनी बाकीच्या स्तोत्रांत ती वापरलीच नसेल असं तुम्ही कशावरून ठरवता?

शमीपत्र:
गोदाकाठ, तुम्ही दिलेला श्लोक माझ्याच बाजूचा आहे की. त्यात 'देव्या बीजं' असं स्पष्ट म्हटलंय, म्हणजे मी आता बीज सांगतोय अशी आधीच सूचना दिलीय. गणपती अथर्वशीर्षातही तेच आहे बघा, 'गणादिं पूर्वमुच्चार्य वर्णादिं तदनन्तरम् । अनुस्वारः परतरः'. गण शब्दातलं पहिलं ग्, वर्णमालेतला पहिला अ, मग अनुस्वार, म्हणजे गं. आणि एवढ्यावर न थांबता पुढे परत सांगितलंय, गकार पूर्वरूप, अकार मध्यमरूप, अनुस्वार अन्त्यरूप. लहान मुलाला हाताला धरून शिकवावं तसं. एकही अक्षर टाकावं लागत नाही. 'हरिणीं'च्या आगेमागे असं काही आहे का?

ताम्हन:
मी पौरोहित्य करतो, थोडं माझंही ऐका. संपुट लावतात ते ऋचेच्या आधी आणि नंतर, ऋचेच्या पोटात काही घालत नाहीत. 'ॐ श्रीं ह्रीं श्रीं कमले कमलालये' याचं संपुट लावून श्रीसूक्त करतात, आम्हीही केलंय, पण तो विशेष अनुष्ठानाचा भाग झाला. नुसता पाठ रिकामा असतो असं आमच्या गुरुजींनी कधीच शिकवलं नाही. श्रीसूक्त खिलसूक्त आहे, म्हणजे ऋग्वेदाच्या परिशिष्टातलं, त्याला उदात्त अनुदात्त स्वर आहेत, ते सांभाळून म्हणणं हेच मोठं काम आहे. आणि सोळाव्या श्लोकात काय म्हटलंय, 'सूक्तं पञ्चदशर्चं च श्रीकामः सततं जपेत्'. पंधरा ऋचांचं सूक्त सतत जपावं. बीज लावून जपावं असं नाही म्हटलेलं. हे आईंना जरूर सांगा.

गोदाकाठ:
ताम्हनजी तुम्हीच आता पंधराचा आकडा काढलात! श्रीविद्येचा, म्हणजे ललिता देवीच्या तांत्रिक उपासनेचा, मूलमंत्र पंचदशी, पंधरा अक्षरांचा. सूक्त पंधरा ऋचांचं. श्रीविद्या उपासक या दोन्हींचा संबंध लावतात आणि एकेक ऋचेला एकेक अक्षर जोडून जप करतात, हा काय निव्वळ योगायोग म्हणायचा का?

शमीपत्र:
हो, मी योगायोग म्हणेन. नाहीतर पंधरा तिथ्या आहेत, गीतेचा पुरुषोत्तमयोग पंधरावा आहे, ते सगळंच पंचदशी होईल. उपासक जोडत असतील तर जोडू देत, ती त्यांची उपासना, पण रचणाऱ्याने ते दडवलं होतं असं त्यावरून सिद्ध होत नाही. खरंच दडवलेली पंचदशी बघायची असेल तर ललिता त्रिशती उघडा. मी स्वतः वही घेऊन बसले होते. ककाररूपा, कल्याणी, कल्याणगुणशालिनी, अशी वीस नावं क वरून, मग एकाररूपा पासून वीस ए वरून, मग ई, ल, ह्रीं, असं करत पंधरा अक्षरं गुणिले वीस, बरोब्बर तीनशे. क ए ई ल ह्रीं, ह स क ह ल ह्रीं, स क ल ह्रीं. मोजता मोजता अंगावर काटा आला होता, खरं सांगते. ज्याने हे रचलं त्याने एक अक्षरही कोणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

पाटीपेन्सिल:
साधं उदाहरण कोणी दिलं नाही म्हणून देतो. शिवपंचाक्षर स्तोत्र. नागेन्द्रहाराय, मन्दाकिनी, शिवाय, वसिष्ठ, यज्ञस्वरूपाय. न म शि व य. वर प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'तस्मै नकाराय नमः शिवाय' असं उत्तरही दिलंय. माझ्या मुलीला सात वर्षांची असताना हे आपोआप सापडलं होतं.

गोदाकाठ:
तुमची किल्लीची अट मला अर्धीच पटते, का ते सांगतो. सौंदर्यलहरीचा बत्तिसावा श्लोक, 'शिवः शक्तिः कामः क्षितिः', यात पंचदशी आहे हे सगळे टीकाकार मानतात. पण शिव म्हणजे नेमकं कुठलं अक्षर? लक्ष्मीधर पहिली चार अक्षरं क ए ई ल घेतात, म्हणजे कादी विद्या. दुसरे ह स क ल घेतात, म्हणजे हादी. श्लोक तोच, शब्द तेच, उलगडा वेगळा. म्हणजे किल्ली श्लोकात नाही, ती गुरूकडे आहे. आणि भास्कररायांसारखा माणूस घ्या, महाराष्ट्रीय घराण्यातले, पुढे तिकडे तमिळ मुलखात स्थायिक झाले, सप्तशतीवर टीका लिहिली तिचं नावच 'गुप्तवती'. एवढा मोठा विद्वान काय अक्षरं टाकून खेळ करत होता? पुस्तकात किल्ली सापडली नाही म्हणून कुलूपच नाही असं म्हणणं मला तरी धाडसाचं वाटतं.

शमीपत्र:
हा मुद्दा मात्र वजनदार आहे, मी यावर दोन दिवस विचार केला. हादी कादी मतभेद खरा आहे. पण तिथेसुद्धा श्लोकानेच चौकट आखून दिलीय बघा. शिव शक्ती काम क्षिती हे चार, रवी शीतकिरण स्मर हंस शक्र हे पाच, परा मार हरि हे तीन, आणि 'हृल्लेखाभिस्तिसृभिरवसानेषु', म्हणजे तिन्ही गटांच्या शेवटी एकेक ह्रीं. बारा आणि तीन पंधरा. कादी घ्या नाहीतर हादी घ्या, पंधराच येणार आणि ह्रीं त्या तीन जागीच बसणार. मतभेद या चौकटीच्या आत आहे. गुरूने सांगितलेलं मी नाकारत नाहीये. मी नाकारतेय ते ज्याला कसलीच चौकट नाही असं शोधणं, आणि त्यावरून एका बाईला तुझी तीस वर्षं फुकट गेली म्हणणं.

वेलदोडा:
मला एक वेगळंच खटकतं. 'इदमथर्वशीर्षमशिष्याय न देयम्' असं गणपती अथर्वशीर्षातच आहे ना, आणि पुण्यात ऋषिपंचमीला दगडूशेठसमोर पहाटे हजारो बायका एका सुरात तेच म्हणतात. मीही गेलेय दोनदा, अंधारात रस्ताभर बसलेल्या, 'गकारः पूर्वरूपम्' ला सगळ्यांचा आवाज एकदम चढतो. आता त्यातल्या किती जणींना मंत्रोद्धार माहीत असेल? बीज त्यांच्या तोंडून रोज उच्चारलं जातंच आहे, कळो न कळो. मग गुप्त आहे की नाही यावर एवढं भांडण कशाला?

गोदाकाठ:
वेलदोडा, कारण कळून म्हणण्यात फरक पडतो असं मी मनापासून मानतो. मला 'वियदीकार' चा अर्थ कळला त्या दिवसानंतर तो श्लोक मी पूर्वीसारखा भरभर म्हणूच शकलो नाही, ह पाशी थांबतोच. बाकी ताई, 'हरिणीं' बद्दल मी माघार घेतो. ण् टाकायला माझ्याकडे कारण नाही. पण त्याच सूक्तात 'श्रीर्मा देवी जुषताम्' आहे, तिथे श्री उघड आहे, ते तरी बीज माना.

शमीपत्र:
तिथे श्री आहे हे मानते, देवीचं नावच आहे ते. बीज म्हणून जप करायचा असेल तर तुमच्या गुरूंना विचारून करा, मी आड येणार नाही.

काल आईजवळ बसून ताम्हनजींनी सांगितलेला सोळावा श्लोक वाचून दाखवला. 'सततं जपेत्' ला ती म्हणाली, एवढंच आहे? म्हटलं एवढंच आहे. मग आज संध्याकाळी दिवा लावल्यावर स्वयंपाकघरात मला आवाज आला, जरा बसलेला, 'हिरण्यवर्णां हरिणीं', पुढे 'सुवर्णरजतस्रजाम्' ला अडखळली आणि परत पहिल्यापासून सुरू केलं तिने.