दुरुस्तीला आलेल्या मशीनवर बूटलोडरची चाचणी करावी का?

साळवी_स्टॉप
ग्रब म्हणजे मशीन चालू होताच लिनक्स उठवणारा बूटलोडर. त्याचा २.०६ आला जून २०२१ मध्ये, त्यानंतरचा २.१२ थेट डिसेंबर २०२३ मध्ये. मधली अडीच वर्षं लिनक्सच्या प्रत्येक डिस्ट्रोने (तयार संचाने) आपापले पॅच, म्हणजे दुरुस्त्या, चिकटवून दिवस काढले. कोड लिहिणारे आहेत हो, पण तो तऱ्हेतऱ्हेच्या मशीनवर लावून बघणारे कमी. आणि तऱ्हेतऱ्हेची मशीनं असतात आमच्यासारख्यांच्या टेबलावर. रत्नागिरीतल्या माझ्या दुकानात कोअर टू ड्युओपासून गेल्या महिन्यात घेतलेल्या लॅपटॉपपर्यंत सगळं येतं. गणपतीत तर चाकरमानी मोदकाच्या साच्याबरोबर बंद पडलेला लॅपटॉपही बॅगेत घालून आणतात, इथे स्वस्तात होतो म्हणून.

माझं म्हणणं असं, की दुरुस्ती झालेल्या प्रत्येक मशीनला पाच मिनिटं ग्रबच्या चाचणी आवृत्तीचा पेनड्राइव्ह लावावा. डिस्कला हात लावायचा नाही. मेन्यू दिसला का, कीबोर्ड चालला का, कर्नल (लिनक्सचा गाभा) उठला का, एवढं टिपून ग्रबच्या प्रकल्पाला पाठवायचं. जिल्ह्यातल्या चार-सहा दुकानांनी केलं तरी पुष्कळ होईल.

पिंगुळी_तिठा
मेल्या, लोकांच्या मशीनार असले प्रयोग कित्याक करतंस?

गंमत सोडा. माझंही दुकान आहे. गिऱ्हाईक कीबोर्ड बदलायला मशीन ठेवून जातं, पावतीवर मी "कीबोर्ड बदलला" असंच लिहितो. तुझ्या पेनड्राइव्हचं काय लिहायचं? आठवड्याने त्याचा स्पीकर गेला तरी तो माझ्याच नावाने शंख करणार.

वाशिष्ठीकाठ
नीतीचं राहू द्या, कामाचं बोलू. याची गरजच काय? क्यूईएमयू म्हणजे सॉफ्टवेअरमधलं खोटं मशीन. त्याला सीबायोस हे फर्मवेअर (मशीन चालू होताच पहिलं चालणारं सॉफ्टवेअर) दिलं की जुनं बायोस झालं, ओव्हीएमएफ दिलं की त्याच्या जागी आलेलं यूईएफआय झालं. स्क्रिप्ट लावून झोपा. सकाळपर्यंत डिस्कच्या वाटणीच्या एमबीआर आणि जीपीटी या दोन पद्धती, ५१२ बाइटचे सेक्टर, ४०९६ चे सेक्टर, सगळ्या जोड्या तपासून होतात. फसलं तर कुठे फसलं ते सिरियल लॉगमध्ये (मशीनने लिहिलेल्या नोंदीत), आणि वाटलं तर जीडीबी (चुका शोधायचं साधन) लावून एकेक सूचना बघता येते. दुकानातून रिपोर्ट काय येतो? "काळी स्क्रीन येते." कुठलं मशीन? "काळंच."

(माझ्याकडेही जुनी मशीनं होती. चिपळूणच्या २०२१ च्या पुरात गेली. तेव्हापासून क्यूईएमयू.)

साळवी_स्टॉप
सीबायोस शहाण्या माणसांनी लिहिलंय, तीच तर अडचण आहे. ते नियमाप्रमाणे वागतं. खरी बायोसं तशी वागत नाहीत.

उदाहरणं देतो. काही जुन्या बोर्डांना पेनड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरमध्ये एखादं पार्टिशन ॲक्टिव्ह म्हणून खूण केलेलं दिसलं नाही, तर ते त्याला बूट होण्याजोगा मानतच नाहीत. काही पेनड्राइव्हलाच फ्लॉपी समजतात. काही बायोस बूट ड्राइव्हचा नंबर चुकीचा देतात, आणि त्यासाठी ग्रबच्या पहिल्या सेक्टरमध्ये खास तपासणी घातलेली आहे. त्या सेक्टरमध्ये कोडला जागा किती, तर जेमतेम ४४६ बाइट. एवढ्या अडचणीत कुणी हौसेने ओळ घालत नाही, कुणाचं तरी खरं मशीन अडलं म्हणून घातली.

यूईएफआयचीही तीच कथा. बे ट्रेल ॲटमवाले स्वस्त टॅबलेट आठवतात? त्यातल्या बऱ्याच जणांत प्रोसेसर ६४ बिटचा आणि फर्मवेअर ३२ बिटचं. ते बूटएक्स६४.ईएफआय या ६४ बिटच्या बूट फाइलकडे ढुंकून बघत नाही, त्याला बूटआयए३२.ईएफआय लागते. हे असलं कॉम्बिनेशन बाजारात येईपर्यंत कुणाच्या क्यूईएमयूत होतं?

वाशिष्ठीकाठ
पण एकदा कळल्यावर तेही क्यूईएमयूत घालता येतं की. शोधायला खरं मशीन लागतं हे मान्य. रोज तपासायला नाही.

खारी_हवा
मालवणात बंदराजवळ काम करतो, म्हणून सांगतो. आपल्याकडची मशीनं चाचणीला सर्वांत वाईट. बोर्ड उघडला की रॅमच्या खाचेत हिरवट पूड, यूएसबीच्या पिना काळवंडलेल्या. बायोसची सेटिंगं जपणारा सीएमओएसचा सेल, तोच सीआर२०३२, मल्टिमीटर लावला तर निम्म्यावर आलेला. पावसात लाईट गेली की बायोसची सेटिंगं पुसली जातात. बूटचा क्रम बदलतो, डिस्कच्या जोडणीची (साटा) पद्धत एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर जाते. मग ग्रबचा मेन्यू व्यवस्थित येतो, विंडोज ७ निवडलं की निळी स्क्रीन. गिऱ्हाईक म्हणतं, "तुमच्या त्या मेन्यूने घोळ केला." बूटलोडर बिचारा बायोसला विचारून डिस्क वाचतो, त्याला त्या आयडीईशी देणंघेणं नाही. अशा मशीनवरून "बूट होत नाही" असा रिपोर्ट गेला, तर तिकडे बसलेला माणूस नसलेला बग शोधत बसेल.

आधी सेल बदला, पिना साफ करा, मग चाचणी. आणि दुसऱ्या पेनड्राइव्हने पुन्हा एकदा.

मास्तर_दापोली
शाळेची लॅब वापरा असं कुणीतरी म्हणेलच, म्हणून आधीच लिहितो. लॅबमधली मशीनं एकाच खरेदीतली, सगळी सारखी. एक तपासलं की सगळी तपासली. विविधता हवी असेल तर दुकानंच बरी.

मालगुंडची_माहेरवाशीण
ऑफिसातले लॅपटॉप सांभाळायचं काम करते. "डिस्कला हात लावायचा नाही" हे वाक्य वाचायला बरं वाटतं, पण त्याने मशीन सुरक्षित राहत नाही. चाचणीच्या आवृत्तीवर सही नसते, म्हणजे सिक्युअर बूट (सही नसलेलं काही उठू न देणारी सोय) बंद करावंच लागणार. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. मालकाला पत्ताही नसतो. सिक्युअर बूट बंद ठेवून विंडोज उघडलं, की बिटलॉकर (विंडोजचं तेच एन्क्रिप्शन) ४८ अंकी किल्ली मागतो. ती त्या खात्यात असते, आणि खातं भाच्याने कुठल्या तरी ईमेलवर उघडून दिलेलं. सिक्युअर बूट परत चालू केलं की बहुधा निभावतं. पण "बहुधा"वर मी कुणाच्या लेकीच्या लग्नाचे फोटो ठेवणार नाही.

एनव्हीरॅमही (फर्मवेअरची सेटिंगं साठवणारी मेमरी) विसरू नका. २०१३ मध्ये सॅमसंगचे काही लॅपटॉप यूईएफआयमधून लिनक्स नुसतं बूट केल्याने कायमचे बंद पडले होते. डिस्क शाबूत, मशीन वीट.

साळवी_स्टॉप
सॅमसंगचा तो दोष फर्मवेअरचाच होता, विंडोजमधूनही तसंच करता येतं हे नंतर दाखवलं गेलं. पण बिटलॉकरचा मुद्दा बिनतोड आहे. एन्क्रिप्शन असलेलं मशीन सोडायचं, आणि बाकीच्यांचं तोंडी नाही, पावतीवर लिहून विचारायचं.

तरी मूळ म्हणणं सोडत नाही. ऑगस्ट २०२४ चा विंडोज अपडेट आठवा. ड्युअल बूटवाल्यांना (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स) तो लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, आणि नेमकी त्यांचीच लिनक्स उठेना. दोन्ही ओएस असलेल्या मशीनचे सगळे प्रकार त्यांच्या तपासणीत पकडलेच गेले नाहीत. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, तर फुकटात काम करणाऱ्यांनी कुणाच्या भरवशावर राहायचं? आता शिमवर (सिक्युअर बूट चालू असताना ग्रबला उठवणारा छोटा प्रोग्राम) सही करणाऱ्या २०११ च्या सर्टिफिकेटची मुदत जून २०२६ ची. जुनी सही चालत राहील, पण नवी येणार २०२३ च्या सर्टिफिकेटची. ते कुठल्या जुन्या लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये आहे आणि कुठल्यात नाही, हे ओव्हीएमएफ कसं सांगणार?

मालगुंडची_माहेरवाशीण
ते बघायला बूटलोडर लावावाच लागत नाही. फर्मवेअरमधली सर्टिफिकेटांची यादी लिनक्समधून मॉकयूटिल या साधनाने वाचता येते, विंडोजमधूनही. वाचण्यात काही मोडत नाही. दुकानांनी एवढंच केलं तरी माझी हरकत नाही.

पिंगुळी_तिठा
ही यादी वाचायला मी तयार आहे, पावतीवर एक ओळ घालून. पेनड्राइव्ह मात्र फक्त भंगारात निघालेल्या बोर्डांना.

वाशिष्ठीकाठ
भंगारातल्या बोर्डांवर मेहनत घेऊन फायदा कुणाला? ते बोर्ड वापरणारं कुणी उरलेलं नाही.

पिंगुळी_तिठा
बरोब्बर तेच बोर्ड दोन महिन्यांनी कुणाच्या तरी मुलाच्या अभ्यासाला जातात, लिनक्स टाकून. आमच्याकडे काहीच भंगारात जात नाही, भाऊ. बाकी तो ३२ बिट फर्मवेअरवाला टॅबलेट कुणाकडे पडून असेल तर सांगा, स्क्रीन फुटलेला चालेल.

खारी_हवा
आहे एक. चार्जिंगची पिन गेलेली. कुडाळच्या एसटीत ठेवू का?