नंबर प्लेटमागचं नाव आणि खरा मालक

एकांनी विचारलंय की पे अँड पार्कमध्ये सहा महिने धूळ खात पडलेल्या गाडीचा मालक एमपरिवहन या सरकारी वाहन-नोंदणीच्या ॲपवर मिळेल का. अर्धवट मिळतो. नावातली बरीच अक्षरं फुल्या मारून झाकलेली असतात. ते बरंच आहे म्हणा, नाहीतर कोणीही कोणाच्याही दारात उभं राहील.

पण खरी गोम पुढे आहे. आमच्या दादरच्या पार्किंगमध्ये एक सँट्रो होती. चारही टायर बसलेले, वायपरखाली पिंपळाची पानं कुजलेली. पोलिसांनी रेकॉर्डवरच्या माणसाला फोन लावला तर तो म्हणे, "साहेब, ती मी कधीच विकली!" मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, घेणाऱ्याने आरटीओत नेलेच नाहीत. म्हणजे कागदावर मालक हाच.

प्लेट खोटी असेल तर चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, बघतात. २०२१ मध्ये मुंबईच्या कारमायकल रोडवर सापडलेल्या स्फोटकांच्या स्कॉर्पिओची प्लेट खोटीच होती. उलट १२ मार्च १९९३ ला, मुंबईतल्या बॉम्बस्फोटांच्या दिवशी, वरळीत सोडून दिलेल्या मारुती व्हॅनच्या नोंदणीवरूनच पोलीस माहीमच्या मेमन कुटुंबापर्यंत पोचले.

तेव्हा स्वतः डिटेक्टिव्हगिरी करू नका. दरवाजाला, डिकीला हात लावू नका. नंबरासकट फोटो काढा आणि वॉर्ड ऑफिस व वाहतूक पोलीस, दोघांनाही लेखी द्या. आत काही संशयास्पद दिसलं तर मात्र लांब होऊन सरळ ११२.

आणि गाडी विकली असेल तर आज आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, कोणाच्या नावावर आहे तेवढं बघून घ्या.