डायलवर दुसऱ्याचं नाव

सतरा_ज्वेल

दिवाळीला भाचा घरी आला, तेव्हा त्याच्या मनगटावर रोलेक्स सबमरीनर घड्याळ होतं. त्याचा पगार मला माहीत आहे, त्यामुळे ते खरं असेल असं क्षणभरही वाटलं नाही. "मामा, भिंग लावून सांग, ओळखता येतंय का," म्हणाला. लावलं. घड्याळाच्या काचेवर तारखेच्या जागी असतं ते छोटं भिंग होतं, पण आकडा पुरेसा मोठा दिसत नव्हता. खऱ्यात तो अडीचपट दिसतो. सहाच्या खाली काचेत कोरलेला मुकुट नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. खऱ्यात तो शोधावा लागतो. बाकी काम सुबक होतं, हे कबूल करतो. किंमत साडेचार हजार.

मी म्हटलं, हे घालू नकोस. तो म्हणाला, "रोलेक्सचं काय गेलं? मी काही त्यांचं गिऱ्हाईक होणार नव्हतोच." तिथल्या तिथे मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा काढतोय.

कंपनीचं काय जातं ते मी बाजूला ठेवतो. डायलवर नाव छापणारा एक ग्वाही देत असतो: हे आम्ही बनवलं, बिघडलं तर आमच्याकडे या. ज्याने बनवलंच नाही त्याचं नाव छापलं की ग्वाही खोटी झाली, आणि ती पहिल्या मालकापाशी थांबत नाही. घड्याळ माणसापेक्षा जास्त टिकतं. ते विकलं जातं, वाटणीत जातं, जुन्या बाजारात पोचतं. पहिल्याला सगळं ठाऊक असतं, तिसऱ्याला काहीच नसतं.

तो तिसरा मी होतो. वडिलांचं एचएमटी पायलट लोकलच्या गर्दीत गेलं. तसंच हवं म्हणून काही वर्षांपूर्वी ऑनलाइन एक घेतलं, 'ओरिजिनल, सर्व्हिस केलेलं' असं लिहिलेलं. काळी डायल, ज्याला आपण सगळे रेडियम म्हणतो ते आकडे. दोन महिन्यांत थांबायला लागलं. घड्याळजींनी मागचं झाकण काढलं, मशीन बाहेर घेतलं आणि डायल उलटी करून माझ्यासमोर धरली. डायलचे दोन्ही पाय, म्हणजे तिला मशीनवर धरून ठेवणारे मागचे खिळे, मुळापासून कापलेले. त्या जागी दुहेरी टेपचे दोन तुकडे. काळा रंग मधल्या भोकात ओघळून वाळलेला. कडेला सुईने खरवडलं तर खाली फिकट पिवळा निघाला. दुसऱ्याच कुठल्या तरी घड्याळाची डायल, तिचे पाय एचएमटीच्या मशीनमध्ये बसेनात म्हणून छाटले आणि वरून पायलट छापलं. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हे मला त्या दिवशी कळलं आणि फार लागलं.

म्हणून कॉपी घालणारे, जुन्या डायली रंगवून विकणारे आणि सीको या जपानी कंपनीच्या मशीनवर सबमरीनरचा चेहरा बसवणारे मॉडर, या तिघांनाही मी एकाच रांगेत उभं करतो. पटत नसेल तर सांगा.

निळी_बेझल

नाही पटत. डायलचे पाय तर मीही कापतो.

मॉडिंगसाठी मिळणाऱ्या डायलला बहुतेक वेळा चार पाय असतात, कारण चावी तीनच्या आकड्यापाशी असलेल्या केससाठी (घड्याळाच्या बाहेरच्या पेटीसाठी) दोन लागतात आणि चारच्या जवळ असलेल्या केससाठी दुसरे दोन. नको ते दोन कटरने काढायचे, हा कामाचाच भाग आहे. टेप मात्र मी लावत नाही.

माझी सुरुवात सीको एसकेएक्स ००७ पासून झाली. १९९६ ला आलेलं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांचं घड्याळ, २०१९ ला बंद केलं. त्यातल्या मशीनला हाताने चावी देता येत नव्हती आणि वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नव्हता. सीकोच्याच एनएच ३५ या मशीनमध्ये दोन्ही होतं: २४ ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे), तासाला २१,६०० ठोके, पूर्ण चावीवर ४१ तास चालणारं. तेव्हापासून ११ घड्याळं जोडली. पहिल्याला तीन रविवार लागले. सेकंदकाट्याचं भोक केसाइतकं. तो बसवताना हात थरथरला की काटा वाकतो, आणि वाकलेला काटा मिनिटकाट्याला घासून रात्री कधीतरी घड्याळ बंद पाडतो. काच बसवल्यावर आत धुळीचा एक कण दिसला तर सगळं परत उघडायचं. माझ्या एकाही डायलवर कुणाचं नाव नाही. कोरी असते. विचारलं तर सांगतो, मी जोडलंय.

याला तुम्ही फसवणूक म्हणत असाल तर मला मनापासून वाईट वाटेल.

आठ_ठोके

मी कॉपी वापरतो. चार आहेत माझ्याकडे. इथे कुणी उघडपणे सांगणार नाही म्हणून मीच सांगतो.

भारतात खरं सबमरीनर घ्यायला आठ-दहा लाख लागतात, आणि तेवढे असले तरी दुकानात जाऊन लगेच मिळेल असं नाही. वाट पाहा, आधी आमच्याकडून आणखी काही घ्या, असा कारभार असतो. मी चाळीत वाढलो, विक्रीच्या नोकरीत आहे. लोक हात मिळवताना आधी मनगट बघतात, हे मी वर्षानुवर्षं सोसलेलं आहे. माझं काम तेच, माझं बोलणं तेच, आणि घड्याळ बदलल्यावर समोरच्याची बसण्याची पद्धत बदलते. ही लाज माझी नाही, त्यांची आहे.

आणि नक्कल कोण करत नाही? सबमरीनर १९५३ चं, ब्लॅंकपेनचं फिफ्टी फॅदम्सही त्याच वर्षीचं. काळी डायल, फिरती बेझल (काचेभोवतीचं कडं), आकड्यांच्या जागी चमकणारे ठोकळे. दोन्ही शेजारी ठेवून बघा. आपलं लाडकं एचएमटी तरी कुठे स्वतःचं मशीन घेऊन जन्माला आलं? सिटिझनचंच होतं की. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमध्ये घड्याळं बनवून त्यावर लंडनची नावं घालत. आज ज्यांना कॉपीचा राग येतो त्यांच्याच पूर्वजांनी हे केलेलं आहे.

सतरा_ज्वेल

@आठ_ठोके, एचएमटीचं उदाहरण बरोबर उलट आहे. १९६१ मध्ये बंगळूरला कारखाना निघाला तो सिटिझनशी रीतसर करार करून. त्यांनी तंत्र दिलं, यंत्रं दिली, माणसं शिकवली. आणि डायलवर नाव कुणाचं छापलं? एचएमटीचं. जनता, पायलट, कोहिनूर, सोना, सगळ्यांवर आपलंच. मशीन दुसऱ्याकडून शिकून नाव स्वतःचं लावायला हिंमत लागते. तुमच्या घड्याळात हे पूर्ण उलटं आहे.

लंडनच्या नावांसारख्या नकलेचा त्रास इतरांनाही झाला. पॅरिसचा नामांकित घड्याळजी ब्रेगे याने साधारण १७९५ पासून आपल्या डायलवर गुप्त सही कोरायला सुरुवात केली, तिरप्या उजेडातच दिसेल इतकी बारीक. आपल्या गिऱ्हाइकाला खात्री देण्यासाठी त्या माणसाला ही उठाठेव करावी लागली. सव्वादोनशे वर्षांपूर्वीही नकलेची किंमत घेणाराच मोजत होता.

मनगट बघणाऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ते खरं आहे.

मृणाल_ठाणे

घरातली गोष्ट सांगते, म्हणजे तिसरा माणूस कोण ते कळेल. काका गेले तेव्हा त्यांच्या कपाटात एक ओमेगा, म्हणजे महागडं स्विस घड्याळ, मिळालं. काकूला वाटलं खरं. वाटणी करताना मोठ्या भावाने घड्याळ घेतलं आणि त्याबदल्यात धाकट्याने चार तोळे सोनं. सहा महिन्यांनी मोठा ते विकायला गेला. दुकानदाराने मागचं झाकण उघडलं, दोन मिनिटांत बंद केलं आणि न बोलता परत दिलं. आता दोघं भाऊ बोलत नाहीत. मोठा म्हणतो धाकट्याला माहीत होतं. काकांनी ते कुठून, किती रुपयांना घेतलं हे विचारायला काकाच नाहीत.

काका खोटं बोलणारे नव्हते हो. त्यांना कुणी विचारलंच नाही आणि त्यांनी सांगितलं नाही, एवढंच.

कलम_१०४

कायद्याचं थोडक्यात. ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट १९९९, कलम १०३ खोटं चिन्ह लावणाऱ्यासाठी, १०४ असा माल विकणाऱ्यासाठी किंवा विक्रीकरता जवळ ठेवणाऱ्यासाठी. किमान ६ महिने, कमाल ३ वर्षं, शिवाय ५० हजार ते २ लाख दंड. स्वतःच्या वापरासाठी घेणाऱ्याला या कलमांत शिक्षा नाही. इटलीत ग्राहकालाही दंड होतो. पण तेच घड्याळ 'हौस फिटली' म्हणून पुढे विकायला काढलंत की तुम्ही १०४ मध्ये आलात, एकच असलं तरी. बाजारांचं म्हणाल तर आपल्या मुंबईतल्या हाजीअलीच्या हिरा पन्ना बाजाराचं नाव अमेरिकी व्यापार प्रतिनिधींच्या, नकली मालासाठी बदनाम बाजारांच्या यादीत आलेलं आहे.

घड्याळजीची_लेक

साताऱ्यात आमचं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बाबा ४० वर्षं बसतात, मी ९ वर्षं. सतरा_ज्वेल, तुमच्या टेपच्या तुकड्यांबद्दल वाचून वाईट वाटलं, पण रंगवलेल्या डायलबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते अर्धंच आहे.

डायल रंगवणं हे आमच्या धंद्यातलं जुनं आणि सरळ काम. पावसाळ्यात पाणी शिरलं की डायल तांबूस होते, आकडे उडतात. लोक यायचे, "लग्न तोंडावर आहे, सासऱ्यांचं घड्याळ आहे, डायल नवी करून द्या." बाबा डायल काढून मुंबईला पाठवायचे, पंधरा दिवसांनी रंगून, छापून परत यायची. गिऱ्हाइकाला माहीत, आम्हाला माहीत. कुणी कुणाला फसवत नव्हतं. तीच हातांची कारागिरी पुढे इंटरनेटवर 'ओरिजिनल' या शब्दाखाली विकली गेली, तेव्हा ती लबाडी झाली. दोष त्या एका शब्दाचा आहे, ब्रशचा नाही.

२०१६ ला सरकारने एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायचं ठरवलं. नवे भाग येणार कुठून? एका मेलेल्या जनतामधून बॅलन्स (ठोके देणारं चाक) काढून दुसऱ्यात घालतो म्हणून दुसरं चालतं. शुद्ध ओरिजिनलच हवं असा हट्ट धरला असता तर तुमच्या भागातली निम्मी एचएमटी आज ड्रॉवरमध्ये बंद पडली असती.

आणि आठ_ठोके, तुमच्या घड्याळांबद्दलही सांगते, रागाने नाही. आमच्याकडे कॉपी येतात. काहींच्या आतलं मशीन चांगलं असतं, पण तेल घातलेलंच नसतं किंवा एकाच ठिकाणी भरमसाट ओतलेलं. कंपनीच्या मशीनची हुबेहूब नक्कल असेल तर तिचा सुटा भाग कुणी देत नाही; कंपनीचा बसेलच असं नाही, नकलेचा मिळत नाही. मागच्या झाकणावर '३०० मीटर' कोरलेलं बघून एकजण ते घालून पोहायला गेला. आमच्याकडे आलं तेव्हा काचेच्या आत पाण्याचे थेंब होते आणि मशीनवर गंज. कोरलेला आकडाही ग्वाहीच ना? ती तपासून देणारं कुणी नव्हतं.

निळी_बेझल

हे वाचून माझ्या कोऱ्या डायलचा अर्थ मलाच जास्त कळला. पण एक कबुली मीही देतो. माझ्या तीन मॉडचे काटे सबमरीनरसारखेच आहेत, तासकाट्याच्या टोकाला तो तीन फाट्यांचा गोल. लांबून बघणारा फसतो, आणि मला ते आवडायचं. नाव नसलं तरी चेहरा उसना होता. पुढचं घड्याळ वेगळ्या काट्यांचं करतोय, डायलवर मोडी आकडे छापून घेणार आहे. नमुना काढला तर पाच आणि सहा लांबून सारखे दिसतात, ते सुधारतोय.

सतरा_ज्वेल

मॉडरना रांगेतून काढतो. डायल रंगवणाऱ्यांबद्दलचंही मागे घेतो; विकणाऱ्यांबद्दलचं नाही. कॉपीबद्दल माझं मत आहे तिथेच आहे.

आठ_ठोके

मृणालताई, तुमच्या काकांचं वाचून काल रात्री झोप लागली नाही. मलाही दोन मुलं आहेत. चारही घड्याळं एकाच डब्यात आहेत आणि ती काय आहेत हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

तरी मी ती फेकणार नाही. मनगट बघणारी माणसं उद्याही असणारच आहेत, आणि त्यांच्यासमोर मला उभं राहायचंय. फक्त माझ्यामागे पोरांची फसगत व्हायला नको. घड्याळजीची_लेक, यावर काही करता येतं का?

घड्याळजीची_लेक

येतं. जुनी घड्याळं उघडलीत तर बऱ्याच वेळा मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक ओरखडे दिसतील. बरेच घड्याळजी सर्व्हिस केल्यावर तिथे सुईने तारीख आणि आपली खूण कोरतात. बाबांच्या हातचं ८७ सालचं एक घड्याळ परवा परत आलं, त्यात त्यांची खूण आणि खाली दुसऱ्या दोघांच्या. मी रंगवलेल्या डायलची नोंद तिथे करते, 'डा. रं.' (डायल रंगवलेली) एवढंच. तुमच्यात 'नक्कल' असं कोरून देईन. डायलवरचं नाव पुसून देणार असाल तर तेही करीन, आणि मला ते जास्त आवडेल.

निळी_बेझल

पण झाकणाच्या आतलं कोण वाचणार? विकत घेणारा झाकण थोडंच उघडतो. मृणालताईंच्या काकूंना त्याचा काय उपयोग झाला असता? बाहेर कोरा.

आठ_ठोके

बाहेर नको. तेवढं सध्या माझ्याने होणार नाही. बायकोला आज सांगतो.

घड्याळजीची_लेक

निळी_बेझल, तुमचं बरोबर आहे, काकूंना ते दिसलं नसतं. पण वाटणीआधी कुणी आमच्यासारख्याकडे नेलं असतं तर त्याने वाचलं असतं. आठ_ठोके, चारही घेऊन या. एका झाकणाला दहा मिनिटं लागतात. बाबा कॉपीला हात लावत नाहीत, मी करते, त्यामुळे दुपारी चारनंतर या. बुधवारी दुकान बंद असतं.