चार पॅनल, २४ व्होल्टची बॅटरी: फ्यूज किती अँपिअरचा टाकू?

रानातलं_घर (पारनेर)
नमस्कार मंडळी. आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटरवर. लाइटचा भरवसा नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी गच्चीवर ३३५ वॅटचे चार पॅनल बसवले, चारही पॅरललमध्ये. खाली बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या सिरीजमध्ये आणि १६०० वॅटचा इन्व्हर्टर. गच्चीवरच्या डब्यात प्रत्येक पॅनलला १० अँपिअरचा काचेचा फ्यूज आहे. मार्च लागल्यापासून दुपारी बाराच्या सुमाराला त्यातला एखादा उडतोच. बसवणारा फोन उचलत नाही. परवा गावातल्या एका मुलाने फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून दिली, "आता नाही उडणार, काकू." काल कपडे वाळत घालायला गेले तर डब्यापाशी जळका वास. उघडलं, तर तार बांधली तिथलं प्लास्टिक तपकिरी पडून फुगलंय. त्या गच्चीखालच्याच खोलीत सासूबाई झोपतात. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. २० चा टाकू की ३० चा? बघायचं तरी काय?

वायरमन_सांगली
ताई, आधी ती तार निघाली पाहिजे. आजच, अंधार पडल्यावर. पहिल्यांदा इन्व्हर्टर बंद करा, मग कंट्रोलरच्या पॅनलकडच्या दोन्ही वायरी सोडवून टोकांना टेप लावा, आणि मगच डब्याला हात लावा. भर उन्हात चालू फ्यूज ओढू नका. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी आपोआप विझते. पॅनल-बॅटरीचा डीसी एकाच दिशेने वाहतो, त्याला तो शून्य नसतोच. ठिणगी पेटली की पेटलेलीच राहते आणि प्लास्टिक खात जाते. काचेच्या फ्यूजवर २५० व्होल्ट छापलेलं असतं ते एसीचं. तुमचा पॅनल मोकळा असताना ४५ व्होल्टच्या आसपास डीसी देतो, तिथे तो चालत नाही. तार बांधायचा चिनी मातीचा किटकॅट फ्यूजही नको.

आता आकडा कसा काढायचा ते सांगतो. पॅनलच्या पाठीवर स्टिकर आहे. त्यावर 'आयएससी' म्हणजे शॉर्ट सर्किट करंट बघा, ३३५ वॅटला साधारण ९.३ असतो. त्याला दीडने गुणा: १४. याच्या खाली जायचं नाही. त्याच स्टिकरवर 'मॅक्सिमम सिरीज फ्यूज' असंही लिहिलेलं असतं, १५ किंवा २०. त्याच्या वर जायचं नाही. म्हणजे तुम्हाला १५ अँपिअर. दुकानात 'जीपीव्ही' म्हणजे सोलरसाठीच केलेला फ्यूज मागा, १० बाय ३८ मिलिमीटरचा, १००० व्होल्ट डीसी लिहिलेला, आणि त्याचाच होल्डर.

तुमचा १० चा का उडत होता? ९.३ च्या करंटला तो आधीच काठावर. त्यात एप्रिलच्या उन्हात बंद डबा तापतो, आणि तापलेला फ्यूज आपल्या आकड्याच्या आधीच वितळतो. ढग सरकताना ऊन क्षणभर नेहमीपेक्षा कडक पडतं, तेवढंही त्याला पुरतं.

आणि ३० का नको, तेही समजून घ्या. एका पॅनलमध्ये शॉर्ट झाला तर बाकीचे तीन मिळून २८ अँपिअर त्याच्यात उलटे ढकलतात. ३० चा फ्यूज ते मुकाट्याने जाऊ देईल, पॅनल मात्र १५-२० च्या पुढे सोसायला केलेलाच नाही. पॅनल दोनच असते तर फ्यूज नसता तरी चाललं असतं, कारण उलटा यायला एकाचाच करंट असतो. तीनपासून पुढे हवाच.

छतावरची_सोलर
माझे ५४० वॅटचे सहा पॅनल एकाच सिरीजमध्ये आहेत, सरळ ग्रिडला. मलाही हे फ्यूज लागतील का?

वायरमन_सांगली
उलट्या करंटसाठी नाही, तुमची एकच रांग आहे, ढकलणारं दुसरं कोणी नाही. पण सहा पॅनलचे मिळून ३०० व्होल्टच्या आसपास होतात, तेव्हा डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनलची लाइन तोडायचा स्विच, चांगला हवा. साधा एसी एमसीबी तिथे कधीच नको.

ताई, एक राहिलं. बॅटरीच्या प्लसपाशी फ्यूज आहे का? पॅनल शॉर्ट झाला तर दहा अँपिअरही देत नाही, बॅटरी हजारांनी देते. खरी आग तिकडून लागते. १६०० वॅट भागिले उतरलेल्या बॅटरीचे २२ व्होल्ट, इन्व्हर्टरचं नुकसान धरून ८५ च्या पुढे, त्यावर पाव भाग जास्त म्हणजे १०७ च्या आसपास, त्याच्या वरचं मिळणारं माप: १२५ अँपिअरचा डीसी फ्यूज, टर्मिनलपासून वीतभर अंतरात. वायर ३५ स्क्वेअर एमएम तांब्याची. त्याहून बारीक असेल तर आधी वायर बदला, कारण फ्यूज वायरीला वाचवायला असतो.

रानातलं_घर (पारनेर)
दादा, रात्रीच तार काढली, मुलाने टॉर्च धरला होता. स्टिकरवर आयएससी ९.२८ आणि फ्यूज १५, अगदी तुम्ही म्हणालात तसं. बॅटरीपाशी फ्यूज नव्हताच. नगरहून चार जीपीव्ही, होल्डर आणि १२५ चा आणवला. आज दुपारी डीसी क्लॅम्प मीटरने मोजलं: ८.१, ८.२, ८.१ आणि तार बांधलेल्या पॅनलला ५.४. त्याच्या वायरीचा जोड, एमसीफोर, उघडला तर आतली पिन नीट दाबलेलीच नव्हती, काळी पडून सैल झाली होती. संध्याकाळी नवीन जोडी बसवतोय. तोवर तो पॅनल सोडवून ठेवलाय आणि सासूबाईंची खाट पुढच्या पडवीत हलवलीय.